गरोदरपणातील साखरेचा तक्ता दुरुस्त करून छापावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कालच्या अंकातील आरोग्यविषयक पानावर गरोदरपणातील मधुमेहावरचा लेख वाचला. हा विषय हाती घेतल्याबद्दल आपले आभार मानायलाच हवेत. परंतु लेखाशेजारच्या चौकटीत जो तक्ता छापला आहे, तो पाहून राहवले नाही. उपाशीपोटी ११० पर्यंत आणि जेवणानंतर १४० पर्यंत साखर ‘नॉर्मल’ असते, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. हे आकडे एरवीच्या माणसांच्या रिपोर्टवर छापले जातात. गरोदर बाईच्या लेखात ते देणे धोक्याचे आहे, आणि हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही.

माझ्या धाकट्या सुनेच्या बाबतीत हेच घडले. शहरातील एका खासगी लॅबमध्ये तिची उपाशीपोटीची साखर ९७ निघाली. त्या आकड्यासमोर ७० ते ११० अशी मर्यादा छापलेली होती, त्यामुळे आकडा ठळक केलेला नव्हता की पुढे फुलीही नव्हती. काउंटरवरच्या मुलाने ‘सगळं नॉर्मल आहे, काकू’ असे सांगून कागद पाकिटात घालून दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली स्वीकारलेल्या निकषांनुसार गरोदरपणात उपाशीपोटी साखर ९२ किंवा त्याहून अधिक भरली, तर तेवढ्यावरच गरोदरपणातील मधुमेहाचे निदान होते. म्हणजे तो कागद लगेच डॉक्टरांपुढे जायला हवा होता. पुढे सातवा महिना सरता सरता आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील सिस्टरांनी जुने कागद चाळताना तो आकडा हेरला, ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतले, आणि साखर १६८ निघाली. आधी पथ्य आणि मग इन्सुलिन सुरू झाले, पण मधले मोलाचे आठवडे हातचे गेले होते. बाळ जन्मताच त्याची साखर उतरली आणि त्याला आईपासून दूर, नवजात बालकांच्या विभागात ठेवावे लागले. आईच्या रक्तातील जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, तिला तोंड देण्यासाठी बाळाचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करू लागते, आणि नाळ कापल्यावर साखर येणे थांबते तरी ते इन्सुलिन लगेच ओसरत नाही, हे तेथील डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले. आज दोघेही सुखरूप आहेत, पण ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो.

आपल्या तक्त्यातील १४० या आकड्याने तर अधिकच घोटाळा होणार आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गरोदर स्त्रीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. त्या तपासणीत साखर १४० किंवा त्याहून अधिक आली की मधुमेह धरला जातो. निदान झाल्यावर मात्र जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत ठेवायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत उपाशीपोटी ९२, ग्लुकोजनंतर तासाभराने १८० आणि दोन तासांनी १५३ अशा मर्यादा आहेत व त्यांपैकी एक ओलांडली तरी पुरते. तपासणी कोणती, रक्त केव्हा घेतले आणि बाई गरोदर आहे की नाही, हे न सांगता ‘१४० पर्यंत नॉर्मल’ असे छापले, तर १३५ साखर असलेली उपचाराखालची बाईसुद्धा निर्धास्त होईल. शिवाय सरकारी पद्धतीच्या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही, ही गोष्ट लेखात कोठेच नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या पोटुशी बायका पहाटेच्या बसने रिकाम्या पोटी खानापूरला येऊन रांगेत भोवळ येईपर्यंत उभ्या राहतात, त्यांच्यासाठी हे एक वाक्य फार महत्त्वाचे होते. ही तपासणी पहिल्या भेटीत एकदा आणि नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करायची असते, हेही सुटले आहे.

लेखात गोड खाण्यावर सगळा ठपका ठेवला आहे, त्याचे मला विशेष वाईट वाटले. डोहाळजेवणाला कुंदा खाल्ला म्हणून साखर झाली, असे आमच्याच नात्यातल्या बायका सुनेच्या तोंडावर बोलल्या आणि ती पोर रात्रभर रडली. वारेतून निघणाऱ्या संप्रेरकांमुळे गरोदरपणात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. ज्या बाईचे शरीर ती कसर भरून काढू शकत नाही, तिची साखर वाढते. पथ्य हवेच, पण आपल्याकडे दोन्ही वेळा ताटभर भात असतो, त्याचे काय करायचे याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची असते, कारण अशा बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. पण तेव्हा मुलगी माहेरी असते, डिंकाचे लाडू चाललेले असतात, आणि कोणाला आठवणही राहत नाही. जाता जाता एक सांगते: रिपोर्ट इंग्रजीत आणि तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या तपासण्यांच्या नोंदींचे सरकारी कार्ड, कन्नडमध्ये, अशा स्थितीत सीमाभागातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने आपले आकडे कोणाला विचारायचे? तिला आधार असतो तो आपल्यासारख्या वर्तमानपत्राचाच, आणि म्हणूनच हा तक्ता इतका जिव्हारी लागला.

तरी कृपया दुरुस्त तक्ता त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत छापावा; आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा देऊन भागणार नाही. तसेच गरोदर स्त्रियांच्या रिपोर्टवर त्यांच्यासाठीच्या मर्यादा वेगळ्या छापल्या जातात की नाही, याची विचारपूस आपल्या वार्ताहरांनी बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथील लॅबमध्ये जाऊन करावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, निवृत्त शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव