भाऊसाहेब, बुक मी परत पाठवलं

आदरणीय भाऊसाहेब,

सप्रेम नमस्कार.

निवृत्तीच्या दिवशी हार-नारळाच्या गडबडीत आम्हा बायकांची बोलायची पाळी आलीच नाही, म्हणून हे पत्र. आता तुमच्या पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालंय म्हणे. पण गावाच्या तोंडी ग्रामसेवक म्हणजे भाऊसाहेबच.

रोज हडपसरहून दिवे घाट चढून आमच्या पुरंदरातल्या गावात यायचात. मी नवी सदस्य होते. तुमच्या आधी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेतल्या ठरावांची वही, घरी यायचं, मी चुलीपुढे बसून सही करायची. ठरावात काय लिहिलंय ते कुणी सांगायचं नाही, मीही विचारायची नाही. तुम्ही ते बंद केलंत. "ताई, पंचायतीत या, वाचा, मग सही करा." खरं सांगते, राग आला होता. अंजिराच्या तोडणीचे दिवस होते.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे, हे महिला सभेत तुमच्याकडूनच कळलं. तोवर आमची समजूत एवढीच, की पैसे आले की पेव्हर ब्लॉक बसतात.

आणि तो अटल भूजल योजनेतला पाण्याचा ताळेबंद! शाळेच्या फळ्यावर तुम्ही लिहिलंत : एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. गुणाकार पोरांकडून करून घेतलात. एकीकडे पाऊस, दुसरीकडे माणसं, जनावरं, पिकं. तूट निघाली. "हिशेब चुकला असंल," मागून कुणीतरी म्हणालं. तुम्ही शांतपणे फळा पुसलात, पुन्हा मांडलंत. तूट आणखी वाढली, कारण पहिल्या हिशेबात त्या चूक काढणाऱ्याचंच नवं बोअर धरायचं राहिलं होतं.

ताळेबंदाची ग्रामसभा कोरमअभावी, म्हणजे लागतात तेवढी माणसं न आल्यानं, तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही. पाच-सहा जणांत ठराव उरकता आला असता. तुम्ही बचत गटाच्या बायकांना दारोदार पाठवलंत. त्या दिवशी चावडीत बसायला जागा नव्हती. पाझर तलावातला गाळ काढायचं तिथंच ठरलं, आणि काढलाही. नवं बोअर घ्यायचं नाही हा ठराव मात्र सगळे पाळत नाहीत, तुम्हाला नावं ठाऊक आहेत.

परवा नव्या भाऊसाहेबांनी शिपायाबरोबर बुक घरी धाडलं. मी ते तसंच परत पाठवलं, सोमवारी पंचायतीत येऊन वाचते असा निरोप देऊन.

आपली,
तुमच्यावर रागावलेली ताई