पल्सची शेपटी आधी बघा: मॅडमना उघड आभारपत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानून झाले. पण तुम्ही दाखवलेल्या चुका एफडीटीडी (जागेचे छोटे सेल आणि काळाच्या छोट्या स्टेप करून विद्युतचुंबकीय लहरींचं सिम्युलेशन करण्याची पद्धत) चालवणारा प्रत्येक जण करतो, म्हणून हे सगळ्यांसमोर.

उदाहरण तुम्हीच दिलंत: 1990 साली प्रसिद्ध झालेला मायक्रोस्ट्रिप लो-पास फिल्टर, म्हणजे कमी वारंवारता पुढे जाऊ देणारा, सपाट धातूपट्ट्यांचा फिल्टर. सबस्ट्रेट (पट्ट्यांखालचा थर) 0.794 मिमी जाड, परावैद्युतांक 2.2, मधला पट्टा 20.32 बाय 2.54 मिमी. सेल 0.4064, 0.4233 आणि 0.265 मिमी, म्हणजे पट्ट्यात 50 बाय 6 सेल नेमके बसतात आणि जाडीत 3.

टाइम स्टेप 0.441 पिकोसेकंद. जाडीत 6 सेल केले, स्टेप तीच ठेवली, आणि काही शे स्टेपमध्ये आकडे फुगून गेले. दोष आम्ही शोषक सीमेला (ग्रिडच्या कडेला लहरी गिळणाऱ्या भिंतीला) देत होतो. तुम्ही म्हणालात, "आधी सगळ्यात बारीक सेल बघा." स्थैर्याची मर्यादा, म्हणजे चालू शकणारी सगळ्यात मोठी टाइम स्टेप, 0.656 वरून 0.403 पिकोसेकंदांवर उतरली होती. सगळ्या सेलची उंची अर्धी केली, तर मर्यादेवर चालवूनही काम सव्वातीन पट होतं. एडीआय हा एफडीटीडीचा दुसरा प्रकार ही मर्यादा मानत नाही, पण दर स्टेपला त्रिकर्णी समीकरणं सोडवावी लागतात आणि स्टेप ताणली की तरंगाचा वेग चुकतो. या फिल्टरला ती उठाठेव कशाला?

खरे उपकार पुढचे. एस-पॅरामीटरचा (किती लहर परत येते, किती पार जाते याचा) आलेख बाजूला ठेवून तुम्ही पोर्टवरचं, म्हणजे फिल्टरच्या टोकाचं, व्होल्टेज काळाविरुद्ध काढायला लावलंत. फिल्टरमध्ये सोडलेल्या पल्सची मागे रेंगाळणारी शेपटी विझण्याआधी रन थांबवला की फूरिए रूपांतरात लहरी उठतात, आणि त्या फिल्टरच्याच वाटतात. मागे शून्यं जोडली की आलेख गुळगुळीत दिसतो, चूक तिथंच राहते. 4000 स्टेप म्हणजे 1.76 नॅनोसेकंद, त्यातून वारंवारतेचा बारकावा मिळतो जेमतेम 0.57 गिगाहर्ट्‌झ.

आणि ती वजाबाकी! परावर्तित लहर काढायला त्याच ग्रिडवर नुसती सरळ लाइन वेगळी चालवायची आणि त्याच सेलमधलं व्होल्टेज वजा करायचं. लाइनच्या दिशेनं एक सेल चुकला, तर 10 गिगाहर्ट्‌झला कलेत (फेजमध्ये) साधारण 7 अंशांचा फरक पडतो, आणि उणे 18 डेसिबलचं खोटं परावर्तन दिसायला लागतं. फिल्टर बिचारा निर्दोष.

तुमची वजाबाकीची स्क्रिप्ट तशीच वापरतो. पहिल्या ओळीत फक्त सेलचा क्रमांक लिहून ठेवलाय, मोठ्या अक्षरात.

आपले,
सिम्युलेशनच्या टेबलावरचे आम्ही सगळे