चार गिटार आणि कार्मेन

संपादक साहेब, रविवारी पोहे परतताना लॉस एंजेलिस गिटार क्वार्टेटचं ‘कार्मेन’ लावलं आणि पोहे करपले तरी हललो नाही. हा ग्रुप १९८० पासूनचा, आणि फ्रेंच संगीतकार बिझेच्या, स्पेनमध्ये घडणाऱ्या या ऑपेराची ही मांडणी त्यांच्यातल्याच विल्यम कॅनेंगायझरची. व्हायोलिनचा सूर गजाने ताणता येतो, गिटारची तार छेडली की लगेच विरायला लागते, म्हणून एक जण सूर संपवतो तेवढ्यात दुसरा उचलतो, तिसरा तळहाताने तार दाबून टुकटुक करत त्यातल्या ‘हाबानेरा’ या गाण्याचा ठेका धरतो. गंमत म्हणजे बिझे स्वतः कधी स्पेनला गेलाच नव्हता! मला तर मूळ ऑर्केस्ट्रापेक्षा हेच जास्त स्पॅनिश वाटतं, जाणकारांनी हसावं खुशाल.

— एक वाचक, पुणे