आठवण : रविवारी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या शिक्षणाविषयी बैठक

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता मंडळाच्या सभागृहात बैठक आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले-मुली घरात असतील तर त्यांना सोबत आणाच.

एमबीए म्हटले की मार्केटिंग नाहीतर फायनान्स, एवढेच आपल्याकडे बोलले जाते. आंतरराष्ट्रीय व्यापार ही शाखा मागेच राहते, याची मला मनापासून खंत वाटते. नाशिकची द्राक्षे न्हावाशेव्याहून युरोपला जातात, त्यामागे किती माणसे लागतात पाहा: मालाचा एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा जगभर चालणारा क्रमांक) ठरवणारा, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर घेतल्याची वाहतूकदाराची पावती) तपासणारा, सीमाशुल्काची कागदपत्रे करणारा कस्टम्स ब्रोकर, बँकेत लेटर ऑफ क्रेडिट (खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी) हाताळणारा, जहाजात जागा मिळवणारा फ्रेट फॉरवर्डर. मालाची जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे नेमकी कुठे जाते, हे इन्कोटर्म्सच्या (आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीतल्या प्रमाणित अटींच्या) ११ नियमांपैकी करारात निवडलेला नियम सांगतो. त्यांतल्या एफओबी (विक्रेता माल जहाजावर चढवून देतो) आणि सीआयएफ (विक्रेता जहाजाचे भाडे व विमाही भरतो) या दोन नियमांमधला फरक तरी मुलांनी वाचून यावे.

दिल्लीची आयआयएफटी (भारतीय विदेश व्यापार संस्था, स्थापना १९६३) आणि पुण्याची सिम्बायोसिसची एसआयआयबी (सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल बिझनेस) यांविषयी सविस्तर बोलू. एसआयआयबीसाठी स्नॅप ही सिम्बायोसिसची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जर्मन, स्पॅनिश किंवा जपानी शिकणाऱ्यांनी तेही जरूर सांगावे. परदेशी ग्राहकाशी बोलताना त्याचा खरा उपयोग होतो.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नावे कळवावीत.

– सचिव