बाबा, ५/१८ ने गुणा

पुणे
श्रावण, रविवार

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

लायसन्सचं नूतनीकरण झाल्याचं आईने फोनवर सांगितलं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट मिळालं, आणखी पाच वर्षं पक्की, म्हणून बाबांनी शेजारी पेढेसुद्धा वाटले म्हणे. ऐकून बरं वाटलं. गाडी विका असं सांगायला हे पत्र लिहीत नाहीये, तेव्हा आधीच कपाळाला आठ्या नकोत. दिवेलागणीनंतर आपल्या गोव्यात बसची काय अवस्था होते ते मला ठाऊक आहे. गाडी आहे म्हणून तुमचं देऊळ, बाजार, डॉक्टर, आईचं माहेर, सगळं चालू आहे. पण फोनवर हा विषय काढला की बाबा म्हणतात, "चाळीस वर्षं चालवतोय, एक ओरखडा नाही," आणि फोन आईच्या हातात जातो. पत्र तसं मध्येच आईकडे देता येत नाही.

बाबा, तुमच्याच विषयापासून सुरुवात करते. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे तर ५/१८ ने गुणायचं, हे तुम्ही निम्म्या फोंड्याला शिकवलंत. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काही आलं, ते डोळ्यांना दिसलं, मेंदूला कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, याला दीड सेकंद धरा. ब्रेक लागायच्या आधीच गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण २० मीटर. एकूण ४५. आता तेच ८० ला करा. पाय ब्रेकवर जाईपर्यंत ३३ मीटर आणि नंतर ३५, म्हणजे ६८. इथवर तुम्ही तोंडी कराल. खरी गंमत पुढच्या उदाहरणात आहे: ६० ची गाडी ज्या ४५ व्या मीटरवर निवांत उभी राहिली, तिथे ८० ची गाडी किती वेगात असेल? मी कागदावर करून पाहिलं. ताशी ६५. म्हणजे एकीला खरचटतही नाही आणि दुसरी ६५ च्या वेगाने जाऊन आदळते. आणि हे सगळं कशासाठी, तर फोंडा ते पणजी तीसेक किलोमीटरमध्ये कागदावर सात-साडेसात मिनिटं वाचावीत म्हणून. तीही भोमच्या अरुंद रस्त्यावर एका ट्रकमागे संपतात.

केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातले ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदलेत. त्यातल्या ७१ टक्के मृत्यूंचं कारण अतिवेग असं लिहिलंय. दारू, मोबाईल, उलट्या बाजूने येणं ही कारणं त्याच्या बरीच खाली आहेत. माझा यावर पूर्ण विश्वास नाही, कारण पंचनाम्यात "भरधाव" लिहिणं सोपं असतं. चालक पेंगत होता की फोन बघत होता हे कोण तपासतं? पण गणित बघितलं तर सगळी कारणं एकाच जागी येतात. प्रत्येक जण तो दीड सेकंद खातो. वेग खातो, फोन खातो, झोप खाते, सर्दीची गोळी खाते, आणि वयही थोडं खातं. रागावू नका.

वयाचं बोलायचं तर आधी डोळे. साठीतल्या डोळ्याला विशीतल्यापेक्षा सुमारे तिप्पट उजेड लागतो. बाणस्तारीच्या पुलावर समोरून कोणी हाय बीम मारत आलं की काही क्षण काहीच दिसत नाही, ही तुमची तक्रार मी ऐकली आहे. समोरचा बेशिस्त आहे यात वाद नाही. पण असा झोत डोळ्यांत फुटून पसरतो त्यामागे बऱ्याचदा मोतीबिंदू असतो. "पिकला की काढू" हा आजोबांच्या वेळचा हिशेब झाला. आता पिकेपर्यंत थांबावं लागत नाही; रोजच्या कामाला त्रास व्हायला लागला की काढतात. सर्टिफिकेट देताना डॉक्टरांनी दिवसाउजेडी तक्ता वाचून घेतला असेल. रात्री पावसात समोरची काच कशी दिसते ते त्यात येत नाही. चवथीला गणपती बसायच्या आधी एकदा नीट तपासून घ्या.

दुसरी मान. फर्मागुडीच्या नाक्यावर वळताना पूर्वी तुम्ही अख्खे वळून मागे बघायचात, आता नुसता आरसा बघता. बाजूने येणारी स्कूटर आरशाच्या कक्षेत नसते असा एक पट्टा असतोच. शिवाय पुढच्या काचेच्या कडेचा खांब. त्याच्याआड आख्खी मोटारसायकल लपते आणि दोघांचा वेग जुळला तर वळेपर्यंत लपलेलीच राहते. उपाय फुकटचा आहे: वळण्याआधी सीटवर जरा पुढे-मागे झुकून बघायचं. देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत सर्वांत जास्त दुचाकीवरचे असतात, आणि आपल्याकडे तर घरटी स्कूटर. त्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे भाड्याने घेतलेली गाडी दिसली, की चालवणारा इथला रस्ता पहिल्यांदा बघतोय असं धरून चाला. त्याला हॉर्न मारून शिकवत बसू नका, शिकवण्याची नोकरी संपली.

बाबांची साखरेची गोळी. आई, हे तुझ्यासाठीही आहे. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत पोटात काही नाही, गोळी मात्र सकाळी घेतलेली, आणि संध्याकाळी देवळात गाडी घेऊन जायचं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम खाली येते. आधी हात थरथरतात, घाम सुटतो, मग समोरचं कळेनासं होतं. उपास सोडा असं मी म्हणत नाही, बाप्पाशी माझं भांडण नाही. पण त्या दिवशी गाडी नको, आणि गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळ्यांचंही तेच, बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते.

आता आई. मागच्या सीटवर बेल्ट लावायचा असतो हे तू "ते मोठ्या गाड्यांना" म्हणून उडवून लावतेस. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. गाडी महागडी होती, ते मागे बसले होते आणि बेल्ट नव्हता. पुढच्या दोघांचा जीव वाचला. बेल्टमुळे मागच्या माणसाचा मृत्यूचा धोका चतुर्थांशाने कमी होतो, पुढच्यांचा जवळजवळ निम्म्याने, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय गाडी धडकून थांबते तेव्हा मागचा सुटा माणूस त्याच वेगाने पुढच्या सीटवर जाऊन आपटतो. म्हणजे तुझ्या बेल्टवर बाबांचीही पाठ अवलंबून आहे. आपल्या गाडीत अडचण अशी की मागच्या बेल्टची कुलपं सीट कव्हरखाली गाडली गेली आहेत. नवं कव्हर घातलं तेव्हाच गेली असणार. बाबा, आज दुपारी तेवढी उकरून वर काढा. आई, पोटाला काचतो म्हणतेस ना, तर खालचा पट्टा पोटावरून नाही, खाली मांड्यांजवळ हाडावरून घ्यायचा आणि वरचा खांद्याच्या मध्यावरून. साडी चुरगळते हे मान्य. चुरगळू दे.

फोन बाबांच्या खिशात नको, तुझ्या पर्समध्ये. कानाला ब्लूटूथ लावून बोलणंही नको. हात मोकळे राहतात, डोकं राहत नाही.

पावसाबद्दल तुम्हाला काय सांगू, तुम्ही खाण भागात नोकरी केलीत. पहिल्या सरींत धूळ, तेल आणि लाल माती मिळून रस्ता कसा होतो ते बघितलंय तुम्ही. भर पावसात चारी इंडिकेटर लावून चालवणाऱ्यांवर तुमचा राग आहे तो अगदी बरोबर आहे. तो वळणार कुठे तेच मागच्याला कळत नाही. गुरांचं मात्र लक्षात ठेवा. ओल्या रात्री ती त्यातल्या त्यात सुक्या डांबरावर येऊन बसतात आणि काळ्या म्हशीचे फक्त डोळे चमकतात, तेही तिने तुमच्याकडे बघितलं तर. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात दुप्पट. एखाद्या खांबापासून पुढची गाडी निघाली की आपण तिथे पोचेपर्यंत मनात मोजायचं.

चवथीचा प्रश्न उरला. दुसऱ्या दिवशी साखळीला मामाकडे जाल, घुमटाच्या तालावर आरत्या रंगतील, मामी जेवल्याशिवाय सोडणार नाही, आणि रात्री अकराला आमोणे-माशेलच्या वाटेने परत निघाल. त्या वेळी रस्त्यावर कोण काय पिऊन चालवतंय याचा भरवसा नसतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बाणस्तारीच्या पुलावर एका गाडीने तीन जीव घेतले, तेव्हा तर संध्याकाळच होती. तुमची चूक काहीच नसेल, पण तो दीड सेकंद समोरच्याच्या हातात असतो. तेव्हा मामाकडेच झोपा. मी त्याच्याशी बोलले आहे, माडीवरची खोली तो झाडून ठेवतोय. सकाळी चहा-पातोळ्या खाऊन निघा.

मी चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी पणजीला उतरेन. न्यायला पहाटे निघू नका, मला कदंबाची बस मिळते. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं फळं-पानांचं सामान मी आले की बाजारातून आणू.

आणि टायर. गाडी फार फिरत नाही म्हणून ते नवे दिसतात, पण रबर उभ्या जागीही कडक होतं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतील. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ३२१८ असेल तर २०१८ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायरचे आणि स्टेपनीचेही आकडे आईला मेसेज करायला सांगा. आतल्या बाजूला असतील तर वाकू नका, मी आल्यावर बघते.

तुमची,
बाय