पुराचे ३९ आणि ४३ पाठ. गरोदरपणातला रक्तदाबाचा १४०/९० मात्र ठाऊक नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी धाकटी मुलगी सातवा महिना सरताना पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून आमच्याकडे, करवीर तालुक्यात, आली होती. छत्तिसाव्या आठवड्यात तिचे डोके सलग दोन दिवस दुखत होते. तिला पित्ताचा त्रास जुनाच असल्याने मी तिला आल्याचा रस आणि थंड दूध देत राहिले. पावले सुजली होती, पण दिवस भरत आले की पाय सुजतातच असे शेजारणींनी सांगितले आणि माझेही दोन्ही खेपेला सुजले होते, त्यामुळे ते मला पटलेही. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमारास तिला बरगडीखाली कळा येऊ लागल्या आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात असे ती म्हणाली, तेव्हा कुठे तिचे वडील शेजाऱ्यांची गाडी मागायला धावले. १०८ क्रमांक घरात सर्वांना पाठ असूनही त्या क्षणी एकालाही आठवला नाही.

वाटेतल्या एका खासगी रुग्णालयात ‘डॉक्टर नाहीत, सकाळी ओपीडीला या’ एवढेच उत्तर मिळाले. रक्तदाब मोजण्याचे यंत्र समोरच्या टेबलावर होते, पण ते कोणी हातात घेतले नाही. तिथून आम्ही सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय गाठले. तिथल्या परिचारिकेने नाव-गाव लिहून घेण्याआधी मुलीच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब १७०/११० निघाला आणि लघवीत प्रथिनेही सापडली. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू झाले. त्या रात्री थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी येऊन तिच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाही आणि मी घाबरून विचारले, तेव्हा समजले की या औषधाचे प्रमाण जास्त झाले तर पायाची ती उसळी आधी नाहीशी होते. दुसऱ्या दिवशी सिझेरियन झाले. नातू २ किलो १०० ग्रॅमचा भरला. बाळंतपणानंतरही दिवसभर ते इंजेक्शन चालू होते, कारण झटक्यांचा धोका प्रसूतीबरोबर लगेच संपत नाही, हेही मला तेव्हाच कळले. आता दोघेही सुखरूप आहेत.

घरी आल्यावर मी मुलीची पुण्याची फाइल चष्मा लावून वाचली. रक्तदाब सुरुवातीला ११०/७०, मग १२४/८० आणि निघण्यापूर्वीच्या शेवटच्या तपासणीत १३८/८८. त्यापुढे इंग्रजीत ‘पेडल इडिमा’ असे लिहिले होते, ज्याचा अर्थ पायांना सूज एवढाच होतो. त्यानंतर पाच आठवडे एकही आकडा नाही. या दिवसांत दर दोन आठवड्यांनी तपासणी व्हायला हवी होती. ती आम्हीच ‘नववा लागला की दाखवू’ म्हणून लांबवली आणि हा दोष मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. तरीही एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. पहिलटकरीण माहेरी येते, ती नेमक्या धोक्याच्या महिन्यांत दोन गावांच्या मध्ये राहून जाते. पुण्याच्या डॉक्टरांच्या दृष्टीने ती गावी गेलेली असते, तर गावात तिची नोंदच नसते. आमच्या आशाताई गावातल्या सुनांच्या नोंदी चोख ठेवतात, पण आलेल्या लेकीचे नाव त्यांच्या वहीत नव्हते आणि आम्हीही ते कळवले नव्हते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. पाच आठवड्यांत अशी एक ९ तारीख तरी आमच्या दारावरून गेलीच असणार.

आपल्या जिल्ह्यात, विशेषतः २०१९ आणि २०२१च्या महापुरांनंतर, पंचगंगा नदीचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी हे शाळकरी पोरही सांगते. पाणी ३७ फुटांवर आले की लोक जनावरांची सोय पाहू लागतात, ३९ होण्याची वाट पाहत नाहीत. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० झाला तर तीही अशीच पातळी आहे, हे मात्र माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेलाही ठाऊक नव्हते, आणि १३८/८८ पाहून दचकायला हवे हे तर नव्हतेच. तेव्हा प्रसूतिगृहांनी, खासगी असोत वा सरकारी, फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत मोठ्या अक्षरांत हा आकडा छापावा, आणि न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर व हातांवर सूज, बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये, असे स्पष्ट लिहावे. आणि रात्री दाराशी आलेल्या गरोदर स्त्रीला परत पाठवायचेच असेल, तर आधी तिचा रक्तदाब मोजावा. त्याला दोन मिनिटे लागतात.

आमच्या आशाताईंनी आता माहेरी आलेल्या लेकींसाठी वहीत एक पान वेगळे काढले आहे. त्यावर आजवर चार नावे चढली आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. करवीर, जि. कोल्हापूर