डिकीतल्या बॉक्सखालच्या फळीविषयी मित्रास पत्र

मुलुंड, मुंबई
12 जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नव्या गाडीच्या डिकीत 12 इंची दोन सबवूफरचा, म्हणजे खर्जाचा आवाज देणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, बॉक्स बसवायचे तू नक्की केले आहेस, हे परवा फोनवर ऐकून आनंद झाला. पण दुकानदार तो आहे त्याच फळीवर ठेवून देणार आहे, हे कळल्यापासून मनाला स्वस्थता नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझ्या गाडीत काय घडले, ते मी तुला कधी पूर्ण सांगितले नाही. फिटिंग करणाऱ्याने बॉक्स गालिच्याखालच्या फळीवर नुसता ठेवला होता. ती फळी म्हणजे स्टेपनीच्या खड्ड्यावरचे झाकण, प्रवासाच्या बॅगा पेलण्यापुरतेच केलेले. एका पावसाळ्यात दमट हवेने ती फुगली, मधोमध खचली, आणि सप्टेंबरात विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गावर अचानक ब्रेक दाबावा लागला तेव्हा बॉक्स घसरून मागच्या सीटच्या पाठीवर आदळला. सुदैवाने मागे कोणी नव्हते. आई नेहमी तिथेच बसते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

वजनाचा हिशेब तूच करून पाहा. बॉक्स ज्याचा बनतो त्या 18 मिलिमीटर एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) 8 बाय 4 फुटांचा ताव 40 किलोच्या आसपास भरतो. तुझ्या बॉक्सला त्याच्या निम्म्याहून बराच जास्त लागेल, त्यात दोन स्पीकर मिळवले की 50 किलो सहज होतात. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर त्या बॉक्सचा जोर वजनाच्या सुमारे वीसपट, म्हणजे एक टनाच्या घरात जातो. म्हणून फळी भक्कम करणे आणि बॉक्स गाडीच्या पत्र्याशी बांधणे ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हायला हवीत.

फळीसाठी 18 मिलिमीटरचा मरीन प्लाय, म्हणजे ओलाव्यात टिकणारा प्लायवूड, घे. साधा प्लाय आपल्या हवेत टिकत नाही. दुकानदार 12 मिलिमीटर सुचवील, पण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे दीडपट जाडीने फळी जवळजवळ 3.4 पट ताठ होते. आधी जुन्या फळीवरून पुठ्ठ्याचा साचा काप. नवी फळी खड्ड्याच्या चारही बाजूंच्या पत्र्याच्या काठावर निदान दोन-दोन इंच टेकली पाहिजे, कारण भार पेलायचा तो त्या काठाने. माझ्या गाडीत स्टेपनी आणि फळी यांच्यामध्ये दीड इंच जागा होती, तिथे मी एक इंची चौकोनी लोखंडी पाइप आडवा टाकून घेतला. आधारांमधले अंतर निम्मे झाले की त्याच भाराखाली फळीचा झोल आठपटीने कमी होतो, आणि खड्ड्याखड्ड्याला होणारी ती खडखड त्यानंतर मला पुन्हा ऐकू आली नाही.

बोल्टची भोके पाडण्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन खालून स्वतः पाहा. पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग नेमके कुठून जाते हे पाहिल्याशिवाय कोणालाही ड्रिल लावू देऊ नकोस, मग कारागीर कितीही अनुभवी असो. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. तेव्हा 8 मिलिमीटरच्या बोल्टला खालून मोठे, रुंद वायसर किंवा लोखंडी पट्टी दे आणि नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले) वापर, कारण सबवूफरच्या कंपनाने साधे नट सैल होतात. प्रत्येक भोकाच्या कडेला गंजरोधक प्रायमर लावून वर सीलंट भर. मुंबईत उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंज धरतो. खड्ड्याच्या तळाचा रबरी बूच मात्र बुजवू नकोस, आत शिरलेले पाणी काढायला तीच एक वाट आहे.

फळी दोन तुकड्यांत करून मध्ये बिजागरी लावायचा मोह मला झाला होता. सुताराने समजावले की सांधा नेमका भाराखाली येईल, आणि त्याचे म्हणणे बरोबर होते. त्याऐवजी बॉक्सचे चार बोल्ट वरून सुटतील असे ठेव, म्हणजे पंक्चर झाल्यावर स्टेपनी काढता येईल. रात्री एकट्याने 50 किलो उचलणे जमणार नाही, म्हणून तेवढ्यापुरता हवा भरायचा छोटा पंपही गाडीत असू दे.

प्लाय कापून घेण्याआधी येत्या रविवारी पुठ्ठ्याचा साचा घेऊन माझ्याकडे ये. माझी डिकी उघडून सगळे दाखवतो, आणि तुझ्या गाडीचा काठ कुठे किती रुंद आहे ते दोघे मिळून मोजू.

तुझा स्नेही